रॉक-गीताची संहिता कोणती?

गीताचा अभ्यास करताना आपण सामान्यतः शब्दांनाच संहिता मानतो. चाल हा तिच्यावर चढविलेला साज आणि ध्वनिमुद्रण ही त्या दोहोंची केवळ नोंद, असे आपण गृहीत धरतो. 1960 नंतरच्या दशकांतील रॉक संगीताला हे गृहीतक कितपत लागू पडते, याचा एका उदाहरणाच्या आधारे विचार करण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

तुलनेसाठी राळेगणसिद्धीच्या यादवबाबा मंदिरातील भजन घ्यावे. तेथे गायक, टाळकरी आणि मृदंगवादक यांचा नाद एकाच क्षणी, एकाच जागी उमटतो. त्याचे ध्वनिमुद्रण केल्यास ती घडून गेलेल्या गायनाची प्रत ठरेल. स्टुडिओतील रॉक-गीतामागे मात्र असा एक क्षण असतोच असे नाही. रुंद चुंबकीय फितीवर अनेक समांतर पट्टे असतात व प्रत्येक आवाज निराळ्या वेळी, निराळ्या पट्ट्यावर नोंदता येतो. पट्टे भरले म्हणजे त्यांचे मिश्रण एक-दोन पट्ट्यांवर उतरवून बाकीचे मोकळे करतात. मिसळलेले आवाज त्या काळी पुन्हा सुटे करता येत नसत. म्हणून अशी प्रत्येक उतरवणी हा रचनेविषयीचा निर्णयच असे. बीटल्स वृंदाने 1967 मधील 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' ही गीतमाला चार पट्ट्यांच्या यंत्रांवर याच रीतीने सिद्ध केली.

या पद्धतीचा परमोत्कर्ष ज्या गीतात दिसतो, त्याचा कर्ता महाराष्ट्रात शिकलेला होता. झांझिबार येथे 1946 साली पारशी कुटुंबात जन्मलेले फरोख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, हे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचे विद्यार्थी. त्यांच्या 'क्वीन' या वृंदाने 'बोहेमियन रॅप्सडी'चे ध्वनिमुद्रण ऑगस्ट 1975 मध्ये वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत आरंभिले. प्रथम पियानो, बेस गिटार आणि ड्रम यांचा पाया घातला गेला. मधल्या ऑपेरासदृश भागासाठी फितीवर जागा राखली होती; काम चालू असताना तो भाग वाढतच गेला. त्यातील भव्य वृंदगान मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांचेच आहे. सुमारे तीन आठवडे त्यांच्या आवाजांचे थरांवर थर चढत होते. चोवीस पट्टेही अपुरे पडले, आणि वारंवार फिरविल्याने फीत इतकी झिजली की तिच्यातून उजेड दिसे, असे त्या कलावंतांनी सांगितले आहे.

पुढे रंगमंचावर हे गीत सादर करताना मधला भाग फितीवरून ऐकविला जाई आणि वादक तेवढ्यापुरते रंगमंच सोडीत. ज्यांनी गीत रचले, त्यांनाही त्याचा हा भाग एका वेळी गाणे शक्य नव्हते, ही गोष्ट निर्णायक आहे.

तात्पर्य, येथे फीत हीच संहिता होय. छापील शब्द हा तिचा एक अंशमात्र. हे मान्य केले तर निर्माते रॉय थॉमस बेकर व त्यांचे तंत्रज्ञ यांनाही कर्तृत्वाचा वाटा द्यावा लागतो. अशा गीतांच्या अभ्यासकाने प्रथम ऐकावे आणि मग वाचावे, हा क्रम त्यातूनच प्राप्त होतो.