पैनगंगा सीमा कशी झाली
लेखमाला : करारांचे कागद (लेखांक सहावा)

मागच्या आठवड्यात आपण पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर होतो. ओपोबोच्या राजा जाजाने 1884 मध्ये इंग्रजांशी संरक्षणाचा करार केला, पण खुल्या व्यापाराचं कलम आधी खोडायला लावलं. पाम तेलाचा व्यापार त्याच्या हातात होता आणि इंग्रज व्यापाऱ्यांना नदीतून थेट आत जाऊ द्यायची त्याची तयारी नव्हती. तीनच वर्षांनी त्याला बोलणी करायला बोलावून कैद केलं आणि वेस्ट इंडिजला धाडलं. नदी, जकात आणि करार यांचा असाच गुंता आपल्या अगदी जवळ, आदिलाबादच्या सीमेवर, त्याच्याही आधी घडला आहे.

पांढरकवडा, पाटणबोरी करत दक्षिणेला निघालं की पैनगंगेचा पूल लागतो. पुलापलीकडे तेलंगणा. पण पलीकडच्या जैनथ, बेला भागात मराठी तितकीच सहज बोलली जाते, रानात कापूस तोच आणि सोयरिकी दोन्ही काठांवर. ही सीमा भाषेने आखलेली नाही. ती निघाली कर्जाच्या हिशेबातून.

1800 च्या तहानुसार हैदराबादच्या निजामाने ईस्ट इंडिया कंपनीला युद्धकाळात फौज पुरवायची होती. इंग्रजांनी त्या अटीचा आधार घेत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक कायमची फौज उभी केली, तीच हैदराबाद कंटिन्जंट. शांततेच्या काळातही तिचा खर्च निजामाने सोसावा असं तहात कुठेही नव्हतं. तरी खर्च त्याच्याच माथी आला. पगार थकला की कंपनी तो स्वतःच्या खजिन्यातून द्यायची आणि निजामाच्या नावे व्याजाने कर्ज मांडायची. सावकाराने आपलाच कारभारी कुळाच्या घरात बसवावा आणि त्याचा पगार कुळाच्या खात्यावर चढवावा, तसा हा व्यवहार. माझ्या मते ही उघड लूट होती. तहाचा कागद फक्त तिला अब्रू द्यायला वापरला गेला.

21 मे 1853 च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. मालकी नावापुरती निजामाची, वसुली आणि कारभार इंग्रजांचा. आदिलाबादच्या माथ्यावरून वाहणारी पैनगंगा त्या दिवसापासून दोन कारभारांमधली रेघ झाली. उत्तर काठावर इंग्रजी अंमल, दक्षिण काठावर निजामी.

सात वर्षांनी नवा तह झाला. 1857 मध्ये हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिलं होतं, त्याचं बक्षीस म्हणून डिसेंबर 1860 च्या तहात धाराशिव आणि रायचूर दोआब परत मिळाले आणि 50 लाखांचं कर्ज माफ झालं. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलं. मोबदल्यात निजामाने गोदावरी आणि वैनगंगेच्या डाव्या काठावरचा मुलूख सोडला. चेन्नूरसमोरचं सिरोंचा त्यातच गेलं, म्हणून ते आज गडचिरोलीत आहे. आणखी एक कलम होतं : गोदावरी आणि वैनगंगेच्या सीमेवरच्या पात्रात कुणीही जकात घ्यायची नाही. वऱ्हाड-नागपूरचा कापूस नावांतून पूर्व किनाऱ्याला उतरवायचा बेत तेव्हा जोरात होता. जाजाने जे कलम खोडलं, ते इथे निजामाने मान्य केलं. खडकाळ पात्राने मात्र साथ दिली नाही. 1867 मध्ये आगगाडी नागपूरला पोचली आणि थोड्याच वर्षांत तो जलमार्ग सोडून दिला गेला.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर निदान ज्याची नदी त्याच्याशी बोलणं व्हायचं. इंग्रजांशी झालेल्या 1844 च्या करारावर तिथल्या फांटी सरदारांच्या निशाण्या आहेत. आदिलाबादचा डोंगर गोंडांचा. चांद्याचं गोंड राज्य 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी घेतलं आणि पुढे माणिकगडाकडचा मुलूख भोसल्यांकडून निजामाकडे गेला. पुढचे तह हैदराबाद आणि कलकत्ता यांच्यात झाले. गोंड राजांना कुणी विचारलं नाही, त्यांची निशाणी एकाही तहावर नाही. त्यांचं उत्तर वेगळ्या वाटेने आलं. रामजी गोंड रोहिल्यांना बरोबर घेऊन निर्मल भागात लढले आणि 1860 मध्येच फासावर गेले. 1940 मध्ये कोमराम भीम जोडेघाटला निजामाच्या पोलिसांशी लढताना मारले गेले, तेव्हाही प्रश्न जमिनीचा आणि रानाचाच होता.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आदिलाबादमधून मराठी मुलखात आले. जैनथ, बेला मात्र पलीकडेच राहिले.

हैदराबादचे हे सगळे तह एचिसनच्या तहसंग्रहात छापलेले आहेत, कुणालाही वाचता येतात. गोंडांची बाजू त्यांचे भाट असलेल्या प्रधान लोकांच्या, किंगरी वाजवत केलेल्या कथनात आहे आणि ती सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत. उटनूर, केसलापूरकडे ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांनी सांगणाऱ्यांच्या परवानगीने ती आजच ध्वनिमुद्रित करून ठेवावी.