जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेताना काय पाहावे?



माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात साधी गाडी कशी रुतते, हे शेती असणाऱ्या पालकांना सांगायला नको. अशा वेळी चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडीच कामाला येते. नवीची किंमत झेपत नाही, म्हणून जुनी शोधली जाते. तरुण मंडळींना जानापाव, पातालपाणी, मांडू फिरण्यासाठी उघड्या जीपची हौस असते, हे वेगळेच. गरज असो की हौस, बहुतेक जण आधी रंग पाहतात, मग टायर, मग इंजिनाचा आवाज आणि सर्वांत शेवटी कागद. आमचे म्हणणे असे की हा क्रम उलटा करावा. रंग पुन्हा लावता येतो, इंजिनही दुरुस्त होते. पण कागद किंवा चेसिस खोटी निघाली तर सगळे पैसे पाण्यात जातात.

आपल्या देशात या गाड्यांची परंपरा मोठी आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. आपल्याच मध्य प्रदेशात, जबलपूरच्या वाहन कारखान्यात, सैन्यासाठी ‘जोंगा’ तयार होत असे. ती १९९९ च्या सुमारास बंद झाली. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली आणि महिंद्रची थार २०१० मध्ये. महूला लष्करी छावणी असल्याने जोंगा आणि जिप्सी आपल्या भागातल्या लोकांना चांगल्या परिचयाच्या आहेत.

१) कागदपत्रे : नोंदणी पुस्तिकेवरील (आर.सी.) चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. सरकारच्या ‘वाहन’ नोंदीतही मालकाचे नाव, विमा व कर्जाचा बोजा पाहावा. कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र व फॉर्म ३५ मागावा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या राज्यातील गाडी असेल तर तेथील आर.टी.ओ.चे ना-हरकत प्रमाणपत्र हवेच, शिवाय आपल्या राज्याचा कर वेगळा भरावा लागतो. दिल्ली परिसरात १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंध आले, तेव्हा तिकडच्या पुष्कळ गाड्या बाहेरच्या राज्यांत विकल्या गेल्या. गाडी स्वस्त दिसली तरी हा सर्व खर्च आधी मांडावा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. म्हणजे २०१० ची थार २०२५ मध्येच नूतनीकरणाला आली. सैन्याच्या लिलावातील गाडी असेल तर फॉर्म २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

२) चेसिस : हा गाडीचा कणा आहे. गाडीखाली वाकून टॉर्चने पाहावे. स्प्रिंग जेथे बसतात तेथे गंज, तडे किंवा नवे वेल्डिंग आहे का? क्रमांकाच्या आसपास घासल्याच्या खुणा आहेत का? ताजा काळा रंग जाड थापलेला असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावे. जुन्या जीप कित्येकदा वेगवेगळ्या गाड्यांचे भाग जोडून बांधलेल्या असतात. मूळ रचनेत केलेले बदल नोंदणीशी जुळले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. पुढे लावलेल्या लोखंडी बुलबारवरही केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली.

३) चारही चाके खरोखर फिरतात का : नुसत्या स्टिकरवर विश्वास ठेवू नये. बोलेरो, थार यांसारख्या गाड्या दोन चाकांच्या जोराच्याही मिळत असत. खाली पाहिले म्हणजे पुढच्या ॲक्सलवर डिफरेन्शियलचा फुगीर डबा आणि तेथपर्यंत जाणारा शाफ्ट दिसला पाहिजे. काही लोक डिझेल वाचवण्यासाठी हा शाफ्ट काढून ठेवतात.

मग मोकळ्या मातीत गाडी नेऊन ‘४ एच’ आणि ‘४ एल’ दोन्ही लावून पाहावे. जोर दिल्यावर लिव्हर सुटून बाहेर येता कामा नये. ‘४ एल’ म्हणजे सायकलचा चढावरचा गिअर : वेग कमी, ताकद जास्त.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट समजून घ्यावी. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर चालतात. जुन्या जीप-जिप्सीत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये हा फरक सोसणारी यंत्रणा नसते. मातीत चाके थोडी घसरून हिशेब जुळवतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर घसरत नाहीत आणि सगळा ताण गिअरवर पडतो. म्हणून ही परीक्षा डांबरी रस्त्यावर घेऊ नये. याच कारणाने चारही टायर एकाच मापाचे हवेत. डिफरेन्शियलचे तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे, असे समजावे.

४) इंजिन व स्टिअरिंग : गाडी थंड असतानाच पाहायला जावे, आधीच गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर पाणी आत जात असावे. स्टिअरिंग फार ढिले असेल तर गाडी सरळ धरणे कठीण जाते. विक्रेत्याच्या नव्हे, आपल्या विश्वासातल्या मिस्त्रीला बरोबर न्यावे.

शेवटची गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. बऱ्याच जुन्या जीपमध्ये मागे आडवे बाक असतात, त्यांना ना सीट-बेल्ट ना वर मजबूत छत. गाडी उलटली तर मागे बसलेली मुले बाहेर फेकली जातात. गाडी शेतीसाठी घ्या, चांगली सांभाळा. पण त्या बाकांवर मुलांना बसवून हमरस्त्याने शाळेत पाठवू नका. सर्व पालकांना ही आमची आग्रहाची विनंती आहे.