विमान सोडून देणाऱ्याला टाय का देतात?

प्रशिक्षणातले विमान-अपघात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जळालेल्या सांगाड्याचे फोटो येतात. आज आपण सुरुवात करू ती शाबूत राहिलेल्या एका विमानापासून.

२ फेब्रुवारी १९७०. अमेरिकेतलं मोंटाना राज्य, सगळीकडे बर्फ. माल्मस्ट्रॉम तळावरच्या ७१व्या फायटर इंटरसेप्टर स्क्वॉड्रनची एफ-१०६ विमानं हवाई झुंजीचा सराव करत होती. त्यात लेफ्टनंट गॅरी फौस्ट यांचा ताबा सुटला आणि विमान आडवंच गरगरत खाली येऊ लागलं. शिकवलेले सगळे उपाय त्यांनी केले, शेपटीचं ब्रेक-पॅराशूटसुद्धा उघडलं. काही उपयोग झाला नाही. सुमारे १५,००० फुटांवर त्यांनी इजेक्शन सीट वापरली आणि ते बाहेर पडले. आणि मग विमान सावरलं! आसन उडाल्याच्या धक्क्याने नाक खाली गेलं, तोल बदलला, गिरकी थांबली. बिग सँडी गावाजवळच्या शेतात, बर्फावर पोट घासत, ते रिकामं विमान स्वतःच उतरलं. इंजिन चालूच. शेरीफने तळावर फोन केला तर उत्तर मिळालं, इंधन संपेपर्यंत वाट बघा. पावणेदोन तास वाट बघावी लागली.

सोबतच्या वैमानिकाने रेडिओवर ‘परत आत जाऊन बस’ अशी थट्टा केली म्हणतात. विमानाला नावच पडलं ‘कॉर्नफिल्ड बॉम्बर’, म्हणजे मक्याच्या शेतातलं बॉम्बर. आपण हसतो, पण फौस्ट यांच्या जागी बसून बघू. लाखो डॉलरचं विमान आपण सोडलं आणि ते आपल्यावाचून नीट उतरलं. मग आपलं चुकलं का?

नाही चुकलं. ते का, हे कळायला थोडा हिशोब करावा लागेल. समजा, विमान मिनिटाला ५,००० फूट वेगाने खाली येतंय. म्हणजे सेकंदाला सुमारे २५ मीटर. ‘अजून एकदा प्रयत्न करू’ या विचारात तीन सेकंद गेले, तर ७५ मीटर गेले; वीस-बावीस मजली इमारतीएवढी उंची. आजच्या ‘झिरो-झिरो’ आसनातून धावपट्टीवर उभ्या विमानातूनही सुटता येतं, हे खरं. पण तेव्हा विमान स्थिर आणि सरळ असतं. ते वेगाने खाली जात असेल, कलंडलेलं असेल, तर आसनाचं बळ आधी तो वेग मोडण्यातच खर्च होतं. इजेक्शनमधल्या मृत्यूंमागे पुन्हा पुन्हा सापडणारं कारण आसनातला बिघाड हे नाही. निर्णय उशिरा होतो, हे आहे.

प्रशिक्षणात हा उशीर जास्त अवघड होतो. शिकणाऱ्याला चूक करू दिली नाही तर तो शिकत नाही. जास्त वेळ करू दिली तर दोघंही जातात. इन्स्ट्रक्टरची खरी कसोटी ही की हात कांडीवर कधी न्यायचा. म्हणून पुढे-मागे बसायच्या जेट ट्रेनरमध्ये अशी सोय असते की एकाने ओढलं तरी दोघं बाहेर पडावेत. आधी मागचा, मग पुढचा; नाहीतर पुढच्या आसनाचं रॉकेट मागच्याला भाजेल. यंत्राने एवढं केलं. पण ओढायचं तर माणसाने, आणि त्याच्या हाताला धरून ठेवते ती लाज. लोक काय म्हणतील, चौकशीत काय होईल.

आता स्क्वॉड्रनच्या प्रथांकडे येऊ. १९२२ साली पॅराशूट बनवणाऱ्या लेस्ली आयर्विन यांनी ‘कॅटरपिलर क्लब’ सुरू केला. पॅराशूटने जीव वाचला की कोटाला लावायला सोन्याची छोटी अळी. पॅराशूट तेव्हा रेशमाचं होतं, त्याची ती आठवण. अटलांटिक एकट्याने पार करणारे चार्ल्स लिंडबर्ग या क्लबात आले ते शिकाऊ असतानाच. मार्च १९२५ मध्ये टेक्सासमध्ये सरावात त्यांचं विमान दुसऱ्या विमानावर आदळलं होतं. दोघंही वैमानिक वाचले.

मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीचा टाय १९५७ पासूनचा. त्यामागे एक मृत्यू आहे. १९४२ मध्ये कंपनीचे एक संस्थापक, कॅप्टन व्हॅलेंटाइन बेकर, स्वतःच्याच नव्या विमानाची चाचणी घेताना गेले. त्यांचे भागीदार जेम्स मार्टिन यांनी नंतर सगळं लक्ष वैमानिकाला बाहेर काढणाऱ्या आसनावर घातलं. आज त्या आसनांनी ७,००० हून अधिक जीव वाचवलेत. ज्याने ते आसन वापरून जीव वाचवला, त्याला हा टाय. मेसमध्ये टाय लावून बसलेल्या माणसाने एक विमान गमावलेलं असतं, आणि तरुण पायलट त्याच्याकडे आदराने बघतात. आम्हाला या प्रथेचं खरं काम हेच वाटतं. पदकापेक्षा ती परवानगी जास्त आहे.

चेष्टेची प्रथाही जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई मंत्रालय ‘टी एम’ नावाचं प्रशिक्षण मासिक काढायचं. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या मासिकात बिल हूपर यांनी काढलेला पायलट ऑफिसर प्रून होता, प्रत्येक मूर्खपणा स्वतः करून दाखवणारा. खरोखरच्या चुकांसाठी एक विनोदी ‘सन्मान’ही द्यायचे, ढिम्म न हलणाऱ्या बोटाचा! सरकारी परिपत्रक कोण वाचतं हो? प्रूनला मात्र सगळे वाचायचे. पण चेष्टा दुधारी असते. चाकं न काढता उतरलेल्याला वर्षभर चिडवत राहिलात, तर पुढचा माणूस अहवालच देणार नाही.

आपल्याकडे मात्र बराच काळ प्रश्न टायच्याही आधीचा होता. आपले कॅडेट पहिले धडे गिरवायचे त्या एचपीटी-३२ ‘दीपक’मध्ये इजेक्शन सीटच नव्हती. इंजिन बंद पडण्याचे प्रकार त्यात वारंवार झाले. जुलै २००९ मध्ये एका अपघातात दोन वैमानिक गेल्यावर ती विमानं थांबवली गेली. इजेक्शन सीट असलेलं पिलाटस आलं २०१३ मध्ये. मधल्या वर्षांत ते काम जुन्या किरण जेटवर ढकललं गेलं. वरच्या टप्प्याचीही तीच गत. प्रगत जेट ट्रेनर हवा, असं १९८२ च्या ला फॉन्टेन समितीने सांगितलं होतं. हॉक विमानं बीदरला आली २००८ मध्ये. तोवर नवी मुलं साध्या जेटवरून थेट मिग-२१ वर जायची, आणि त्याची किंमत आपण पेपरात वाचत होतो.

शेवटी गोव्याचं एक उदाहरण. १६ नोव्हेंबर २०१९ ला दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरून नौदलाचं दोन आसनी मिग-२९के प्रशिक्षणासाठी उडालं आणि पक्ष्यांचा थवा आडवा आला. एक इंजिन बंद, दुसऱ्याला आग. दोघा वैमानिकांनी विमान वस्तीपासून दूर वळवलं आणि मग उडी घेतली. विमान वेर्ण्याच्या पठारावर पडलं, दोघं सुखरूप. त्यांची आसनं रशियन बनावटीची, त्यामुळे मार्टिन-बेकरचा टाय काही त्यांना मिळणार नाही. फौस्ट यांचंही आसन मार्टिन-बेकरचं नव्हतं. पण शेतात उतरलेलं त्यांचं विमान दुरुस्त झालं, आणि १९७९ मध्ये त्यांनी तेच पुन्हा उडवलं. आता ते डेटनच्या हवाई दल संग्रहालयात आहे.

आता प्रश्न घेऊ.