उसण भरली तर झोपावे की चालावे?

सकाळी दहाच्या सुमारास अंधेरीच्या स्टेशनावर उभे राहून पाहा. डबेवाल्यांची धावपळ चालू असते. एकेकाच्या डोक्यावर लांब लाकडी पाटी. पाटीत जेवणाचे तीस-चाळीस डबे. सगळे मिळून ओझे साठ किलोच्या घरात जाते. ती पाटी डोक्यावर घ्यायची, गर्दीतून वाट काढायची आणि गाडीच्या मालडब्यात चढवायची. गाडी थोडाच वेळ थांबते. तेवढ्यात सगळे उरकावे लागते.

मुंबईत हे काम १८९० सालापासून चालत आले आहे. ही माणसे बहुतेक मावळ, जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांतली. पूर्वीपेक्षा आता त्यांची संख्या कमी झाली आहे. पण ओझे ते ओझेच.

समजा, त्यांतल्या एका गड्याने पाटी उचलली आणि कमरेत एकदम कळ आली. सरळ उभे राहता येईना. याला आपण म्हणतो, उसण भरली. घाटकोपरच्या गोदामात पोती उचलणाऱ्या हमालाला ती भरते. मुलुंडला इमारतीच्या कामावर विटा वाहणाऱ्या बाईला भरते. आपल्या गावी पाण्याचा हंडा उचलताना, भात लावतानाही भरते.

मग घरची माणसे काय म्हणतात? "पडून राहा. हलू नकोस. मणक्यातली गादी सरकली असेल."

गडी पंधरा दिवस अंथरुणावर पडतो. पंधरा दिवसांची कमाई जाते. उठतो तेव्हा पाय लटपटतात. पुन्हा पाटी उचलायची भीती वाटते. कधी कधी तो कामच सोडून देतो. एका उसणीपायी घर मागे पडते.

म्हणून आज आपण एकच प्रश्न घेऊ. उसण भरली तर झोपून राहावे की हिंडते-फिरते राहावे?

गुण कशाने आला?

हा प्रश्न चार जणांना विचारला तर चार उत्तरे मिळतात. एक म्हणतो, "मी आठ दिवस झोपलो, बरा झालो." दुसरा म्हणतो, "मला अमक्या तेलाने गुण आला." तिसरा म्हणतो, "मी पट्टा बांधला." कोणीही खोटे बोलत नाही. पण एक गोष्ट ते विसरतात. पुष्कळांची उसण काही न करताही चार-सहा आठवड्यांत उतरते. मग शेवटी जो उपाय केला, त्यालाच यश मिळते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते!

मग खरे कसे कळावे? शेतकरी बियाणे कसे पारखतो, ते आठवा. एकाच शेताचे दोन वाफे करायचे. एकात जुने बी, दुसऱ्यात नवे. खत-पाणी दोन्हींना सारखेच. मग पीक मोजायचे. डॉक्टरही असेच करतात. सारख्या दुखण्याच्या रोग्यांचे दोन-तीन गट पाडतात. एका गटाला एक उपाय देतात, दुसऱ्याला दुसरा. आणि कोण किती दिवसांत बरा झाला, ते लिहून ठेवतात.

यात एक खुबी आहे. कोणी कोणत्या गटात जायचे, हे डॉक्टर ठरवीत नाहीत. चिठ्ठ्या टाकल्यासारखे ते ठरते. असे का? डॉक्टरांनी निवड केली, तर न कळत तरणीताठी माणसे एका गटात जातील आणि थकलेली दुसऱ्यात. मग तुलना खरी होणार नाही. चिठ्ठीला मात्र कोणी लाडका नसतो, कोणी दोडका नसतो.

झोपलेले मागे राहिले

युरोपच्या उत्तरेला फिनलंड नावाचा देश आहे. हेलसिंकी ही त्याची राजधानी. तिथल्या नगरपालिकेच्या १८६ कामगारांची अशी पाहणी झाली. ती १९९५ साली छापून आली. या सर्वांच्या कमरेत नुकतीच कळ आली होती. त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला सांगितले, "दोन दिवस अंथरुणावर पडून राहा." दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले. तिसऱ्याला सांगितले, "सोसेल तेवढी रोजची कामे करीत राहा."

तीन आठवड्यांनी पाहिले, बारा आठवड्यांनी पाहिले. तिसरा गट सर्वांत चांगला होता. रोजची हालचाल चालू ठेवणारे लवकर सावरले. सर्वांत मागे राहिले ते झोपलेले!

असे का होते? पडून राहिले की स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात. शिवाय मनात भीती बसते. भीतीने माणूस अंग चोरतो. अंग चोरले की आणखी आखडते, आणखी दुखते.

दुखणे वेगळे, इजा वेगळी

आपल्याला वाटते, जेवढे दुखते तेवढे आत मोडले आहे. तसे नेहमी नसते. अमेरिकेत ९८ माणसांच्या कमरेची एम.आर.आय. या यंत्राने चित्रे काढली. ही पाहणी १९९४ साली छापली गेली. यांतल्या कोणाचीही कमर दुखत नव्हती. तरी निम्म्याहून अधिक जणांच्या मणक्यांतली एखादी तरी गादी फुगलेली निघाली! म्हणजे गादी फुगलेली, पण दुखणे नाही. म्हणून चित्रात काही दिसले तर लगेच धास्ती घेऊ नये. दुखणे त्यामुळेच आहे की नाही, हे डॉक्टरांनी तपासून ठरवावे लागते.

माणूस शिकवावा की ओझे उतरवावे?

उसण भरूच नये म्हणून काय करायचं? पुष्कळ लोक सांगतात, "कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका." सल्ला वाईट नाही. पण तेवढ्याने भागते का? अमेरिकेत टपालखात्याच्या सुमारे ४,००० कामगारांवर हेही पाहिले गेले. काही तुकड्यांना ओझे उचलण्याचे शिक्षण दिले, काहींना दिले नाही. पाच वर्षांहून अधिक काळ नोंदी ठेवल्या. १९९७ साली निकाल छापला. कमरेच्या इजा शिकवलेल्यांतही कमी झाल्या नव्हत्या.

यातून काय घ्यायचे? माणसाला नीट वाकायला शिकवले आणि पोते तेवढेच जड ठेवले, तर काम अर्धेच झाले. ओझेच हलके करायला हवे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली शिफारस केली की, नेहमी ओझी वाहणाऱ्या पुरुषाला ५५ किलोंहून जास्त भार देऊ नये. बायकांना त्याहून पुष्कळ कमी द्यावा. तेव्हा एका जड पोत्याची दोन पोती करता येतात. चाकाची गाडी वापरता येते. दोघांनी मिळून उचलता येते. यात लाज कसली?

आणखी एक उपाय अगदी फुकटचा आहे. ऑस्ट्रेलियात नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांची पाहणी झाली. तिचा निकाल २०२४ साली आला. एका गटाला हळूहळू वाढवीत आठवड्यातून पाच वेळा, अर्धा-अर्धा तास चालायला लावले. न चालणाऱ्या गटात दुखणे साधारण ११२ दिवसांनी उलटले. चालणाऱ्यांत ते साधारण २०८ दिवसांनी उलटले. कोणी म्हणेल, "डबेवाला तर दिवसभर चालतोच!" खरे आहे. पण साठ किलो डोक्यावर घेऊन चालणे वेगळे आणि मोकळ्या अंगाने चालणे वेगळे.

मग आपण काय करावे?

कळ फार असेल तर थोडा वेळ आडवे व्हावे. गरम शेक घ्यावा. पण दिवसचे दिवस पडून राहू नये. घरात, अंगणात हिंडावे. जड ओझे काही दिवस टाळावे आणि मग थोडे थोडे वाढवीत कामाला लागावे.

काही खुणा मात्र धोक्याच्या आहेत. पायातली शक्ती गेली. मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला. लघवी अडली, किंवा लघवी-परसाकडेचा ताबा सुटला. असे झाले तर त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात जावे. उंचावरून पडल्यावर कमर दुखत असेल, तरीही थांबू नये. कमरदुखीबरोबर ताप येतो, वजन उतरते, रात्री झोपेतही ठणकते, अशा वेळी मणक्याचा क्षय असू शकतो. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ते वेळेवर घेतले तर माणूस बरा होतो.

सही करण्यापूर्वी वाचा

वर सांगितलेल्या पाहण्या दूरदेशीच्या आहेत. त्यांत जुन्नरचा डबेवाला नव्हता, मुलुंडची वीटवाली नव्हती. आपल्या लोकांची ओझी वेगळी, आपली कामे वेगळी. म्हणून अशा पाहण्या आपल्याकडेही व्हायला हव्यात. उद्या इस्पितळात तुम्हालाही कोणी विचारील, "आमच्या पाहणीत भाग घ्याल का?"

घाबरू नका. पण न वाचता सहीही करू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे याबाबत नियम आहेत. तुम्हाला समजेल अशा भाषेत सारे सांगितले पाहिजे. तुमच्यावर काय करणार, त्यात धोका काय, फायदा काय, हे विचारा. पाहणीमुळे इजा झाली तर उपचार कोण करणार, हेही विचारा. नाही म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. मध्येच बाहेर पडण्याचाही हक्क आहे. त्यामुळे तुमचे नेहमीचे औषधपाणी बंद करता येत नाही. कागदाची एक प्रत मागून घ्या.

ज्याला वाचता येत नाही, त्याला सर्व वाचून दाखवावे लागते. तो अंगठा उठवतो तेव्हा एक तटस्थ साक्षीदार हजर लागतो. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तुमच्या शेजारी एखादी म्हातारी अंगठा उठवायला बसली असेल, तर तिला तो कागद वाचून दाखवा. तिला नाही म्हणायचे असेल तर नाही म्हणू द्या.

हेलसिंकीच्या त्या १८६ कामगारांनी समजून-उमजून होकार दिला. म्हणून आज अंधेरीच्या डबेवाल्याला आपण सांगू शकतो, "गड्या, उठ. हळूहळू चालू लाग."