वाचणारीला दिसेल अशी गोष्ट कशी लिहावी?



मार्च महिना जवळ आला की गटागटांतून एक निरोप फिरतो, 'तुमच्या गटाची एक यशोगाथा लिहून द्या.' सचिव ताई वही उघडते, पेन हातात घेते आणि अडून बसते. गोष्ट तर तिला माहीत असते, तिच्या डोळ्यांसमोरच घडलेली असते. पण कागदावर उतरते ती अशी:

'सदर महिलेची आर्थिक परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. गटातून कर्ज घेऊन तिने शेळीपालन व्यवसाय सुरू केला. आज ती स्वतःच्या पायावर उभी आहे. तिच्या जीवनात आमूलाग्र बदल झाला आहे.'

यात खोटं काहीच नाही. पण बैठकीत हे वाचून दाखवलं तर बायका माना डोलावतात आणि लगेच हप्त्याचं बोलायला लागतात. नाव बदललं की हाच मजकूर शेजारच्या गावातल्या कुणाचाही होईल. जिनं एवढं सोसलं, एवढं केलं, ती बाईच त्यात सापडत नाही.

आणि गंमत बघा. हीच सचिव ताई खुरपायला गेल्यावर तीच गोष्ट सांगते, तेव्हा बाकीच्यांची खुरपी थांबतात. 'मग काय झालं गं?' म्हणून चार जणी विचारतात. म्हणजे गोष्ट सांगता येत नाही असं नाही. तोंडानं सांगताना आपण जे पाहिलं, ऐकलं ते सांगतो. पेन हातात आलं की आपल्याला कचेरीतली भाषा आठवते. 'सदर', 'अत्यंत', 'आमूलाग्र' असे शब्द येतात आणि पाहिलेलं सगळं मागे राहतं. म्हणून आज आपण एवढंच समजून घेऊ, की तोंडातली गोष्ट कागदावर जिवंत कशी ठेवायची.

वरचीच गोष्ट आता अशी लिहून बघू:

'बैठक संपली तरी ती उठेना. पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "ताई, मला शेळ्या घ्यायच्यात. पण हप्ता चुकला तर गटात तोंड कसं दाखवू?" पंधरा हजार रुपये. तीनशे रुपये रोजानं पन्नास दिवसांची खुरपणी. बाजारातून दोन शेळ्या आणल्या, पण गोठा नव्हता. त्या रात्री तिनं शेळ्या घरात बांधल्या आणि स्वतः उंबऱ्याशी आडवी झाली.'

यात 'हलाखी' नाही, 'काळजी' नाही, 'जिद्द' नाही. तरी वाचणारीला तिन्ही कळतात, कारण ती स्वतः त्या उंबऱ्याशी जाऊन पोचते. कसं झालं हे? एकेक बाब बघू.

पहिली बाब. भावनेचं नाव लिहिण्याआधी माणसाचे हात बघा. 'ती घाबरली' असं लिहिलं तर वाचणारी फक्त माहिती घेते. बँकेत पहिल्यांदा सही करताना तिनं पेन दोनदा खाली ठेवलं, घामेजला हात लुगड्याला पुसला, असं लिहिलं तर तिची भीती वाचणारीच्या हाताला जाणवते. दुःख, आनंद, लाज, राग या सगळ्या वेळी आपलं अंग काहीतरी करतंच. ते आठवा आणि लिहा.

दुसरी बाब. डोळ्यांबरोबर कान आणि नाकही कामाला लावा. ओल्या लाकडाचा धूर, पत्र्यावर पडणारा पाऊस, पहाटे पाण्यासाठी लागणाऱ्या हंड्यांचा आवाज यातली एखादी खूणही वाचणारीला घरात नेऊन सोडते. पण सगळ्या खुणा एकदम नकोत. फोडणीत मोहरीच मोहरी झाली तर डाळीची चव राहत नाही. एका प्रसंगाला एक-दोन खुणा पुरतात. कुठली निवडायची? जी फक्त त्याच घरात, त्याच दिवशी होती ती.

तिसरी बाब. माणसं बोलली तशी बोलू द्या. सासू म्हणाली असेल, 'आता बँकंची पायरी चढणार व्हय तू?' तर ते तसंच लिहा. 'सासूबाईंनी विरोध दर्शवला' असं केलं की सासूही हरवते आणि तिचा टोमणाही. आपली बोली अशुद्ध नाही. जळगाव जिल्ह्यातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी आपल्या बोलीत रचलेल्या ओव्या घरच्यांनी कागदावर उतरवून ठेवल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1952 साली त्यांचं पुस्तक निघालं. घरातलं जातं, शेतातलं पीक, झाडावरचं सुगरणीचं घरटं हे त्यांचे विषय. लक्ष्मीबाई टिळकांना अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 साली आला. घरातलं बोलणं, भांडण, फजिती त्यांनी साध्या भाषेत सांगितली, म्हणून आजही लोक ते पुस्तक हसत आणि डोळे पुसत वाचतात.

चौथी बाब. सगळा जन्म एका पानात कोंबू नका. जन्म, लग्न, मुलं, गट, कर्ज, धंदा असं ओळीनं लिहिलं की ते अर्जासारखं होतं. एक प्रसंग निवडा, ज्यात तिला काहीतरी ठरवायचं होतं. शेळी आजारी पडली तो दिवस, किंवा हप्ता आणि मुलीची फी एकाच आठवड्यात आली तो दिवस. काय गमवायची वेळ आली होती हे वाचणारीला सुरुवातीलाच कळू द्या. मग ती शेवटपर्यंत सोबत येते. मागचं काही सांगायचं असेल तर मध्येच दोन ओळींत सांगता येतं.

पाचवी बाब आकड्यांची. आपल्या गटांत आकडे भरपूर असतात, पण नुसता आकडा मनाला लागत नाही. पंधरा हजार म्हणजे पन्नास दिवसांची खुरपणी असं म्हटलं की प्रत्येकीची कंबर सांगते, केवढे पैसे ते! रकमेला रोजात, पोत्यात किंवा किराण्याच्या महिन्यात मोजा.

असं लिहिणं हा काही शहाण्यासुरत्या लेखकांचाच मान नाही. 1855 साली, सावित्रीबाई आणि जोतिबा फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. 'आमच्या लोकांना फार त्रास आहे' एवढंच लिहून ती थांबली नाही. बाळंत होणाऱ्या बाईच्या घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात तिचे काय हाल होतात, हे तिनं लिहिलं. दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण ते उघडं घर आजही वाचणाऱ्याला दिसतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. जिवंत लिहिलेली गोष्ट ओळखू येते. गावात नाव बदलून काही लपत नाही. दोन शेळ्या, पत्र्याचं घर, दारू पिणारा नवरा एवढं वाचलं की अख्ख्या गावाला कळतं, कोण ते. आपण लिहून मोकळ्या होतो, तिला मात्र त्याच घरात राहायचं असतं. म्हणून आम्ही आमच्या गटांत एक रीत ठेवली आहे. लिहून झालं की आधी जिची गोष्ट तिलाच वाचून दाखवायची, एकटीला. ती म्हणेल ती ओळ खोडायची, कारण विचारायचं नाही. एका काकूंनी नवऱ्याच्या मारहाणीच्या ओळी काढायला लावल्या आणि म्हणाल्या, 'त्यापरीस मी रातच्या शाळेत शिकले ते लिवा.' ओळी गेल्या, गोष्ट काही अडली नाही. उलट अंधारात कंदील घेऊन निघालेल्या काकू सगळ्यांना दिसल्या.

त्यांच्या बोलण्यात आणखी एक शिकवण आहे. वाचणारीला रडवायचं म्हणून बाईला बिचारी करू नका. तिच्यावर काय काय गुदरलं याचीच यादी दिली तर लोक हळहळतात आणि पान उलटतात. तिनं त्यावर काय केलं, कुठला मार्ग काढला, कुणाला ठणकावलं, हे लिहिलं तर वाचणारीला स्वतःचं काही आठवतं, बळ येतं. आणि न घडलेले अश्रू कधीच घालू नका. गावातल्या बायका खोटा सूर लगेच ओळखतात.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचत गोळा झाल्यावर दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं या वर्षातला एकच प्रसंग सांगायचा. सांगणारीला बाकीच्यांनी तीन प्रश्न विचारायचे: तेव्हा तुझ्या हातात काय होतं? कोण काय बोललं? मग तू काय केलंस? जिला लिहिता येतं तिनं ऐकलं तसंच वहीत उतरवायचं. जिला लिहिता येत नाही तिची गोष्ट तर आधी घ्या, कारण ती दुसऱ्या कुणी लिहिलेली नसते. मग मोठ्यानं वाचा. वाचताना जिथे बायका आपसांत बोलायला लागतील, तिथल्या ओळी काढा किंवा बदला. जिथे सगळ्या गप्प होतील, तिथे हात लावू नका.

चला, वही काढा. पुढच्या वेळी तुमच्याच गटातली एखादी गोष्ट आपण इथे रेडिओवर ऐकू.