आतल्या बाजूची सही

संगणकावर मराठी लिहायला बसलं की कितीतरी वर्षं एकच वळण समोर यायचं, मंगल. विंडोज 2000 बरोबर ते घराघरांत, सरकारी कचेऱ्यांत, झेरॉक्सच्या दुकानांत पोचलं. शाळेचं परिपत्रक असो की सोसायटीच्या सभेची नोटीस, अक्षर मंगलचं. त्याच्या जोडाक्षरांवर नाकं मुरडणारेही पुष्कळ भेटले. पण हे अक्षर प्रा. र. कृ. जोशी यांच्या हातचं, हे ते वापरणाऱ्या शंभरातल्या पाचांनाही ठाऊक नसेल. जोशी आधी ‘उल्का’ या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक होते, पुढे पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात प्राध्यापक झाले आणि त्यानंतर जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत गेले. आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या छपराखालीच त्यांनी काम केलं.

चित्रकाराची सही चित्राच्या कोपऱ्यात असते, लेखकाचं नाव मुखपृष्ठावर छापतात. डब्याचं झाकण नेमकं ‘टक्’ करून बसावं म्हणून तीन महिने डोकं लढवणाऱ्या डिझायनरचं नाव मात्र त्या डब्यावर कुठेच नसतं. वर मार्केटिंगवाले रंग बदलतात, कारखान्यातले लोक कडा बोथट करतात आणि शेवटच्या बैठकीत कुणीतरी वरिष्ठ म्हणतात, “लोगो जरा मोठा करा.” तरीही हा माणूस दुसऱ्या दिवशी नवा कागद घेऊन बसतो. कशासाठी?

पगारासाठी, हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्गमधल्या सुमारे दोनशे अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना कामातले बरे-वाईट प्रसंग विचारले आणि 1959 मध्ये निष्कर्ष छापले. पगार कमी पडला की माणूस कुरकुरतो, पण तो पुरेसा मिळाला म्हणून कामात जीव ओततो असं नाही. जीव ओतायला लावतं ते काम स्वतः आणि ते तडीला गेल्याचं समाधान. डिझायनरांच्या बाबतीत यातला ‘तडीला जाणं’ हा भाग फार महत्त्वाचा ठरतो.

टायटनचं ‘एज’ घड्याळ घ्या. सगळं मिळून जाडी साडेतीन मिलिमीटर. आतली यंत्रणा 1.15 मिलिमीटर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन एटीएम कार्डांहूनही पातळ. टायटनचे तेव्हाचे प्रमुख झर्क्सिस देसाई यांना जगातलं सगळ्यात पातळ मनगटी घड्याळ हवं होतं, आणि तेही रोज वापरता येईल असं. नुसती पातळ यंत्रणा बनवून भागणार नव्हतं. काच, तबकडी, काटे, सेल आणि मागचं झाकण हे सगळं तेवढ्याच जागेत बसवायचं, वर पाणी आत जाऊ द्यायचं नाही. इतक्या पातळ कवचात पाण्याला अडवणारं रबरी कडं बसवायचं तरी कुठे? झाकण जरा दाबलं गेलं तर काट्यांना घासणार. स्वित्झर्लंडच्या जाणकारांकडून फारसं उत्तेजन मिळालं नाही. होसूरच्या कारखान्यात मात्र डिझायनर आणि अभियंते कित्येक वर्षं या एका घड्याळाला चिकटून राहिले. 2002 मध्ये ‘एज’ बाजारात आलं, तीस मीटर पाण्याचा दाब सोसण्याच्या हमीसह.

इतकी वर्षं माणसं टिकली, कारण अडचण अवघड होती पण धूसर नव्हती. आज अमुक इतकी जाडी कमी झाली, हे मोजपट्टीवर दिसत होतं.

हार्वर्डच्या प्राध्यापक तेरेसा अमाबिले यांच्या हाती नेमकं हेच लागलं. त्यांनी सात कंपन्यांतल्या 238 जणांना रोजच्या कामाची डायरी लिहायला लावली आणि जवळजवळ बारा हजार नोंदी चाळल्या. ज्या दिवशी काम थोडं का होईना पुढे सरकलं, तो दिवस माणसाला चांगला गेला होता. मग त्यांनी 669 व्यवस्थापकांना विचारलं, तुमच्या लोकांना हुरूप कशाने येतो? पाच पर्यायांपैकी ‘काम पुढे सरकायला मदत करणं’ हा पर्याय साहेबमंडळींनी थेट शेवटच्या क्रमांकावर टाकला.

याच अमाबिलेबाईंचा आणखी एक अभ्यास डिझायनरांनी भिंतीवर लावावा असा आहे. त्यांनी 23 चित्रकार-शिल्पकारांकडून प्रत्येकी दहा कामं मागणीनुसार केलेली आणि दहा स्वतःच्या मनाने केलेली अशी मागवली. कुठलं कोणतं हे परीक्षकांना सांगितलं नव्हतं. कारागिरीत दोन्ही सारखीच भरली, पण नवेपणात मागणीची कामं मागे पडली. यात मेख अशी, की गिऱ्हाइकाने जिथे हात मोकळे ठेवले होते तिथे मागणीची कामंही मागे पडली नव्हती. म्हणजे दुसऱ्यासाठी काम करणं हा दोष नव्हे. रेघ कुठून कुठे ओढायची हेही दुसऱ्यानेच ठरवलं की बिघडतं.

डग्लस बोमन यांनी 2009 मध्ये गूगल सोडलं ते याच कारणाने, आणि त्यांनी ते जाहीरपणे लिहिलं. दृश्य-मांडणीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. दोन निळ्यांतला कोणता बरा हे ठरेना, म्हणून कंपनीने मधल्या 41 छटा लोकांवर आजमावून पाहिल्या. एक चौकट तीन पिक्सेलची असावी, चारची की पाचची, यावरही वाद झाला आणि बोमन यांना त्यांचं म्हणणं पुराव्याने सिद्ध करायला सांगण्यात आलं. कंपनीच्या बाजूनेही बोलता येईल, कारण कोट्यवधी लोक पाहतात तिथे छटेच्या फरकाने पैशांचा फरक पडू शकतो. पण वर्षानुवर्षं डोळा तयार केलेल्या माणसाला चौकटीच्या जाडीसाठी पुरावे गोळा करायला लावले, तर तो डोळा त्याने कुठे ठेवायचा?

डिझायनर जोनाथन आइव्ह यांची तक्रार निराळी होती. 1992 मध्ये ते ॲपलमध्ये आले आणि पुढची काही वर्षं मनाजोगं फार थोडं बाजारापर्यंत पोचलं. 1997 पर्यंत ते नोकरी सोडायच्या बेतात होते. तेवढ्यात स्टीव्ह जॉब्ज परतले. वर्षभरात निळसर अर्धपारदर्शक आयमॅक आला आणि त्याच्या माथ्यावर चक्क मूठ होती. टेबलावरचा संगणक कोण उचलून हिंडणार? आइव्ह यांचं म्हणणं असं, की लोक संगणकाला घाबरतात, हात लावायला बिचकतात, आणि मूठ दिसली की हात आपोआप पुढे होतो. मुठीने खर्च वाढत होता. अभियंत्यांनी आयमॅक का होणार नाही याची 38 कारणं दिली, असं जॉब्ज पुढे सांगत. ती सगळी त्यांनी बाजूला सारली. ज्यांनी राजीनामा दिला असता ते आइव्ह 2019 पर्यंत तिथेच राहिले.

डग डिएट्झ यांचं मात्र सगळं तडीला गेलं होतं. जीई कंपनीसाठी त्यांनी आखलेलं एमआरआय यंत्र रुग्णालयात बसलं, डिझाइनच्या स्पर्धेत नामांकन मिळालं. कौतुकाने ते पाहायला गेले, तर आई-वडिलांचा हात धरून एक छोटी मुलगी येत होती, रडत. वडील वाकून तिला धीर देत होते. शेवटी भूलतज्ज्ञांना बोलवावं लागलं. चौकशी केल्यावर कळलं, की ऐंशी टक्क्यांपर्यंत मुलांना या तपासणीसाठी गुंगीचं औषध द्यावं लागतं. डिएट्झ यांनी तोवर ते यंत्र तीन फूट उंचीवरून पाहिलंच नव्हतं.

मोठा निधी हाताशी नसताना ते कामाला लागले. यंत्र तेच ठेवलं. पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात भिंती, जमीन आणि यंत्राचं तोंड रंगवून चाच्यांचं गलबत उभं राहिलं. तंत्रज्ञांना बोलायला गोष्ट लिहून दिली, की चाच्यांना सापडायचं नसेल तर अजिबात हलू नकोस. दुसऱ्या खोलीत अंतराळयान झालं आणि यंत्राचा तो धडधडाट यानाने वेग घेतल्याची खूण ठरला. गुंगीची गरज खूपच घटली. तपासणी करून आलेल्या एका मुलीने आईला विचारलं, “उद्या परत यायचं का?” हा किस्सा सांगताना डिएट्झ यांचा गळा भर व्याख्यानात दाटून येतो.

राहता राहिलं नाव. ते नको असतं असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नये. फेब्रुवारी 1982 मध्ये ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉशवर काम करणाऱ्या चमूने एका मोठ्या कागदावर सह्या केल्या. यंत्र तेव्हा पुरतं तयारही नव्हतं. त्या सह्या साच्यात कोरून घेतल्या आणि कवचाच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकमध्ये उमटवल्या. गिऱ्हाइकाला त्या दिसायचं काही कारणच नव्हतं. पाहायच्याच असतील तर मूठ असते त्या खोबणीतल्या स्क्रूपर्यंत पोचणारा लांब दांड्याचा वेगळा स्क्रूड्रायव्हर लागे. पुढे कवचात फेरफार होत गेले, तशी त्यातली काही नावं गळत गेली.