पिशवी राखायची की काढायची

१८४४ साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावी, वॉशिंग्टन आणि जॉन अ‍ॅटली या डॉक्टर भावांनी एका बाईचं पोट उघडून गर्भाशयावरची गाठ काढली. बाई वाचली. ईथरच्या भुलीचं जाहीर प्रात्यक्षिक व्हायला अजून दोन वर्षं होती, हे ध्यानात घेतलं की अंगावर काटा येतो.

तरीही पुढे कित्येक दशकं अशा गाठींवरचा (फायब्रॉइडवरचा) मोठा इलाज म्हणजे गर्भाशयाची पिशवीच काढणं, असंच समीकरण राहिलं. कारण रक्त. पिशवी काढताना तिच्या रक्तवाहिन्या आधी बांधून टाकता येतात. नुसत्या गाठी सोलायच्या, तर जिवंत स्नायूत चिरे द्यावे लागतात आणि ते भळाभळा वाहतात.

या अडचणीशी जिद्दीनं झुंजला तो लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलचा व्हिक्टर बॉनी. फायब्रॉइडमुळे त्याच्या पत्नीची, अ‍ॅनीची, पिशवी काढावी लागली होती; त्यांना मूल झालं नाही. बॉनीनं खास चिमटा घडवला. शस्त्रक्रिया चालू असेपर्यंत तो गर्भाशयाच्या धमन्या दाबून धरी आणि सर्जनला गाठी काढून खड्डे शिवायला उसंत मिळे. एकदा त्यानं एकाच गर्भाशयातून २२५ गाठी काढल्या आणि पिशवी राखली. मला या साऱ्या इतिहासात हाच माणूस सर्वांत मोठा वाटतो, कारण मूल हवं असलेल्या बाईचं दुःख त्यानं शस्त्रक्रियेचा प्रश्न मानलं.

१९७० च्या दशकात दुर्बीण आली. योनीमार्गे आतल्या गाठी खरवडता येऊ लागल्या, पुढे पोटावरच्या छोट्या छिद्रांतूनही काम होऊ लागलं. मोठी गाठ बाहेर काढायला तिचे तुकडे करणारं यंत्र आलं. पण गाठीत लपलेला कर्करोग त्यामुळे पोटभर पसरू शकतो, असा इशारा २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं दिला. फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० जणींत एकीला असा कर्करोग असू शकतो, हा त्यांचा अंदाज होता.

आणि आपल्याकडे? २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कारणं निरनिराळी होती; सगळ्याच काही फायब्रॉइडच्या नव्हत्या. पण अंगावरून जातंय, पोट दुखतंय म्हणून आलेल्या बाईला गोळ्या, तपासणी, वाट पाहणं हे पर्याय कुणी किती समजावले असतील? त्रास न देणाऱ्या गाठीला हात लावावा लागत नाही, पाळी गेल्यावर ती बहुधा आक्रसते, एवढं तरी? अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना बजावलं ते एप्रिल २०२३ मध्ये.